राणीचा ओटा

गावात बघण्यासारख्या गोष्टी चार होत्या आणि सरकारला पाच हव्या होत्या. पाच असल्या तर गाव पर्यटनस्थळ ठरणार, रस्ता होणार, दिवे लागणार. चार असल्या तर ते नुसतंच गाव.

पहिली गोष्ट म्हणजे तळं. त्याला कुणाची ना नव्हती, कारण गावाच्या तीन बाजूंना तेच होतं. दुसरी टेकडी, तिच्यावरून तळं दिसायचं. तिसरी बंद पडलेल्या सूतगिरणीची चिमणी. चौथा घड्याळाचा मनोरा. त्यातलं घड्याळ दुरुस्तीला गेलं ते परत आलं नाही, पण ते जिथं असायचं ते गोल भोक मोठं देखणं होतं आणि त्यात पारव्यांची वस्ती होती. पाचव्या गोष्टीसाठी नगर कार्यालयात तीन बैठका झाल्या. एकानं तर स्मशान सुचवलं, जागा शांत आहे म्हणून. शेवटी इतिहासवाले गुरुजी उठून म्हणाले, राणीच्या ओट्याचं काय? आणि सगळ्यांना आपल्या डोक्यात हे आधी कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

हे गुरुजी शाळेत असताना भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इतिहासाकडे वळले, कारण त्यात फिरावं कमी लागतं. ते वही घेऊन तळ्याकाठच्या ओट्यावर आले. ओट्याच्या वरच्या अंगाला होडीवाल्यांचं घर. घरात माणसं तीन. म्हातारा, ज्यानं साठ वर्षं या तळ्यात वल्हं मारलं आणि ज्याला गाव ‘दोन मिनिटं’ म्हणायचं, कारण कुठलीही गोष्ट तो ‘दोनच मिनिटं सांगतो’ म्हणून सुरू करायचा. त्याचा मुलगा, जो सगळ्या तळ्याच्या होड्या दुरुस्त करायचा, फटींत काथ्या ठोकायचा, डांबर फासायचा, पण पाण्यावर जायचा नाही. आणि सून. सासऱ्याचा खांदा गेल्यापासून होडी तीच चालवत होती, म्हणून ती होडीवाली.

म्हाताऱ्यानं गुरुजींना दोन मिनिटं सांगायला घेतलं ते उन्हं कलेपर्यंत. राजा पलीकडच्या काठाला लढाईला गेला. राणी रोज संध्याकाळी होडीतून यायची आणि या ओट्यावर बसून त्याची वाट बघायची. बसून बसून एक दगड झिजला, हा बघा. गुरुजींनी दगडावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. त्यांनी त्यावर नऊ पानं लिहिली. म्हातारा नुसतं ‘फार पूर्वी’ म्हणाला होता, तिथं त्यांनी साडेतीनशे वर्षं घातली.

होडीवालीनं त्या दुपारी दोनदा चहा दिला आणि सगळं ऐकलं. हीच गोष्ट तीसुद्धा पाहुण्यांना रोज सांगायची. ओटा कुणी बांधला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्यानं बांधला होता, पडक्या धान्यकोठाराचे दगड आणून. पण घरात त्याबद्दल कुणी खोटं बोलत नव्हतं. ते फक्त होडीत बोललं जायचं, आणि होडीतलं बोलणं पाण्यावरच राहतं अशी त्यांची समजूत होती.

त्या वर्षी पाणी लवकर मागं सरलं. सरकारी धक्क्यासमोर आधी ओल उरली, मग चिखल, मग चाळीस पावलं नुसता काळा गाळ. दर उन्हाळ्यात असंच व्हायचं, आणि दर उन्हाळ्यात होडी ओट्याला लागायची. म्हाताऱ्यानं जागाच तशी निवडली होती. तिथं काठ सरळ खाली उतरत होता. पावसाळ्यात शेवटच्या पायरीपुढं दोन पुरुष पाणी, आणि भर उन्हाळ्यातही कंबरभर. दूधवाला, दवाखान्यातली नर्स, पलीकडच्या शाळेच्या दोन बाई, बाजाराची माणसं, सगळी त्याच पायऱ्यांवरून चढायची उतरायची.

नेमकी त्याच महिन्यात पाटी आली. सोबत लोखंडी खांब आणि साखळी. संरक्षित वारसा, राणीचा ओटा. पन्नास पावलांच्या आत होडी लावणे, कपडे धुणे, बसणे यास मनाई. पावलं मोजायला कार्यालयाचा शिपाई आला. तो बुटका होता, तेवढीच सुटका. तरीसुद्धा साखळी डांबराच्या पिंपापर्यंत आली, आणि मुलाला उलट्या घातलेल्या दोन होड्या एकट्यानं ढकलून बाजूला घ्याव्या लागल्या.

“आपलंच घर वारशात गेलं नाही हे नशीब,” तो म्हणाला.

“गेलं असतं तर बरं झालं असतं,” होडीवाली म्हणाली. “छप्पर तरी शाकारून दिलं असतं.”

दुसऱ्या दिवसापासून ती होडी धक्क्याला न्यायला लागली. धक्क्याला म्हणजे धक्क्यापासून चाळीस पावलांवर. तिनं गाळावर फळ्या टाकल्या. पहिल्या दिवशी फळ्या तरंगल्या, दुसऱ्या दिवशी बसल्या, तिसऱ्या दिवशी कुठं टाकल्या होत्या ते सापडेना. दुधाच्या किटल्या ती एकेक करून खांद्यावरून नेऊ लागली. गाळ मांडीपर्यंत यायचा आणि पाय उपसताना असा आवाज करायचा की शाळेच्या बाई दुसरीकडे बघायच्या. नर्स चपला हातात घेऊन दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी रस्त्यानं फिरून जाणाऱ्या जीपमध्ये दिसली. जीपला दीड तास लागायचा, पण पाय कोरडे राहायचे.

मग एका सकाळी सुजलेल्या पायांची एक म्हातारी दवाखान्यात जायला आली आणि गाळाच्या कडेला उभी राहून रडायच्या बेताला आली. होडीवालीनं पाठ वाकवली आणि म्हणाली, “बस, आजी.” त्या दिवसापासून ती माणसं पाठीवरून न्यायला लागली. आधी म्हाताऱ्या, मग म्हातारे, मग ज्यांना काही झालं नव्हतं तेही. बाजाराला निघालेल्या एका धडधाकट बाप्यानं पाठीवर बसल्या बसल्या विचारलं, पाठीचं भाडं वेगळं का यातच धरलंय? धक्क्यावरची माणसं हसली. ती मधोमध थांबली, इतकंच. तशीच उभी राहिली. गाळ हळूहळू वर येतोय असं त्याला वाटायला लागलं तेव्हा त्यानं चूक झाली म्हटलं, आणि मग ती चालली.

संध्याकाळी नवरा तिच्या कमरेला तेल लावायचा. कितीही धुतले तरी त्याच्या हातांना डांबराचा वास यायचा. पाहुणे येणं जवळजवळ बंदच झालं होतं. रोजच्या माणसांत निम्मी उरली होती. अजून पंधरा दिवस असंच गेलं तर उरलेलीही जीपनं जाणार, होडी काठावर ओढावी लागणार, आणि उन्हात कोरड्या पडलेल्या होडीच्या फळ्या आठ दिवसांत उघडतात. एकदा माणसांना जीपची सवय लागली की पाणी परत आलं तरी माणसं येत नाहीत. हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. तो तेल लावायचा, ती ‘जरा वर’ म्हणायची.

म्हातारा दारात बसून सहा दिवस हे बघत होता. सातव्या दिवशी त्यानं पेटीतून इस्त्रीचा सदरा काढला.

“कुठं निघालात, मामंजी?”

“खरं सांगून येतो.”

ती त्याच्यासोबत गेली. गाळ वाळून पायांना भेगा पडल्या होत्या. कार्यालयाच्या पायऱ्यांवर तिनं पाय आपटून घेतले, तरी आतल्या फरशीवर ठसे उमटलेच. अध्यक्षीणबाई मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. निवडून आल्यावरही गळ्यातली टेप त्यांनी काढली नव्हती. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि गुरुजींना बोलावणं पाठवलं.

म्हाताऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. राणी नाही, राजा नाही. मी आणि माझी बायको. कोठार पडलं होतं, त्याचे दगड. मी रचले, तिनं वाहिले. या वेळी खरोखरच दोन मिनिटांत सांगून झालं.

गुरुजींचा चेहरा पडला नाही, चढला. “आबा, आज तुम्ही असं म्हणता म्हणून ते खरं ठरत नाही.”

“मी बांधलाय, गुरुजी.”

“छिन्नीच्या खुणा साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आहेत.”

“दगड जुनेच आहेत. दगड कोण नवे करतो? ओटा नवा.”

गुरुजी म्हणाले, वय झालं की माणसाला आपण न केलेल्या गोष्टीही केल्यासारख्या वाटतात. अध्यक्षीणबाई तेवढ्या कठोर नव्हत्या. त्यांनी टेपेचं टोक बोटाला गुंडाळत समजावलं की कापड कापून झालंय, आता माप बदलून उपयोग नाही. पाचांची यादी वर गेली आहे. त्यातलं एक काढलं तर किती उरतात ते म्हाताऱ्यानंच सांगावं. शिवाय ओटा खोटा ठरला तर कार्यालयाला खोटी माहिती कुणी दिली हेही विचारलं जाणार, आणि ते त्यांना विचारावं लागू नये अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

बाहेर आल्यावर म्हातारा पायरीवर बसला. बराच वेळ समोरच्या मनोऱ्यातल्या भोकाकडे बघत राहिला.

“ती दगड वाहत होती म्हणून सांगितलं,” तो म्हणाला. “कुणी लिहूनसुद्धा घेतलं नाही. राणीचं सांगितलं तर नऊ पानं.”

होडीवालीनं त्याला हाताला धरून उठवलं.

पुढच्या आठवड्यात गुरुजींना पलीकडच्या शाळेत व्याख्यान होतं. विषय, आपल्या गावाचा वैभवशाली इतिहास. जीप त्या दिवशी भरून गेली होती. गुरुजी धोतर वर खोचून धक्क्यावर आले, गाळाकडे बघितलं आणि चष्मा पुसला. होडीवालीनं पाठ वाकवली. गुरुजी नको नको म्हणाले आणि बसले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात नऊ पानं.

ती दहा पावलं गेली. गुरुजी वजनानं हलके होते, पण अवघडून बसल्यामुळं जड लागत होते.

“गुरुजी, एक विचारू?”

“विचार, विचार.” पाठीवरचा माणूस आणखी काय म्हणणार?

“राणी ओट्यावर यायची ती कशातून?”

“होडीतून. स्पष्ट लिहिलंय मी. पान चार.”

ती आणखी पाच पावलं गेली. “मग ती होडी लावायचे कुठं?”

गुरुजींची छत्री तिच्या कानाजवळ डुगडुगत होती.

“ओट्याला,” शेवटी ते म्हणाले.

“असंच वाटलं मला. आणि चालवायचं कोण? राणी काही स्वतः वल्हं मारणार नाही.”

“छे, छे. नावाडी असणार. राजघराण्याचा. वंशपरंपरेनं...” गुरुजी तिच्या पाठीवर एकदम ताठ झाले, आणि ती वीतभर आणखी खचली. “अगं, हे तर माझ्या लक्षातच आलं नाही. ओट्याला होडी नसेल तर ओट्याला अर्थ काय?”

“हलू नका, गुरुजी,” ती म्हणाली. “पडाल.”

व्याख्यानाला त्या दिवशी दहावं पान जोडलं गेलं.

चार दिवसांत गुरुजी स्वतः घरी आले. त्यांच्या हातात कार्यालयाचा कागद होता. राणीची होडी चालवण्याचा आणि ती ओट्याला लावण्याचा मान आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, असं म्हाताऱ्यानं लिहून द्यायचं. दिलं की साखळी एका बाजूनं काढणार. अध्यक्षीणबाईंनी होकार दिला होता. वारशात होडी आली तर उलट शोभाच येईल, म्हणाल्या होत्या.

म्हाताऱ्यानं कागद वाचला आणि पाटाखाली सरकवला. गुरुजी गेल्यावर म्हणाला, सही करणार नाही.

मुलगा हातातला काथ्या खाली ठेवून उठला. त्याला एवढं बोलताना कुणी फारसं ऐकलं नव्हतं. तो म्हणाला की आबा, चाळीस वर्षं तुम्ही ही गोष्ट वेगानं सांगितली, सावकाश सांगितली, पाहुणे हसले तर राजाला जखमी केलं, रडले तर मारून टाकलं. आज तिचा काही उपयोग होतोय तर तुम्हाला खरं आठवलं. हिच्या पाठीकडे बघा एकदा.

“बघतोय,” म्हातारा म्हणाला. “रोज बघतोय. पण ते बोलणं होतं. ही सही आहे. माझं नाव खाली लिहायचं आणि वर ओटा राणीचा?”

मुलगा बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं त्याच्या हातोडीचा आवाज यायला लागला, गरजेपेक्षा मोठा.

दुपारी होडी रिकामीच होती, म्हणून होडीवाली आतलं पाणी उपसायला गेली. म्हातारा मागून आला आणि फळीवर बसला. ती डब्यानं पाणी बाहेर टाकत होती. तो बोलायला लागला, तिच्याशी का पाण्याशी ते कळत नव्हतं.

पहिली दोन वर्षं तो पाहुण्यांना खरंच सांगायचा. हा ओटा मी आणि माझ्या बायकोनं बांधला. पाहुणे ‘बरं’ म्हणायचे आणि पलीकडच्या काठाकडे बघायचे. होडीवालीची सासू कधी कधी होडीत बसलेली असायची, मूल मांडीवर घेऊन. अकरा दिवस वाहिले होते तिनं दगड. सातवा महिना होता. डोक्यावर चुंबळ, एक हात दगडाला, एक हात पोटाला. तो नको म्हणायचा, तर ती म्हणायची, पोटातलं मला जड होत नाही, तुझं बोलणं जड होतं. एकशे बारा दगड. रात्री मोजून सांगायची.

“मग एकदा एका पाहुणीनं विचारलं, हे काय आहे म्हणून,” म्हातारा म्हणाला. “मी तोंड उघडायच्या आत तुझी सासूच म्हणाली, राणीचा ओटा आहे. आणि माझ्याकडे बघून गालात हसली. पाहुणी लागली ना विचारायला, कुठली राणी, कशी होती. ही म्हणाली, ते माझ्या नवऱ्याला माहीत आहे.”

होडीवालीचा डबा हातातच राहिला.

“म्हणजे राणी सासूबाईंनी काढली?”

“काढली कुठं? होतीच.” त्यानं पंचानं तोंड पुसलं. “राजाबिजा मी नंतर घातला. निवांत बसून वाट बघायला लावली तिला. ती आयुष्यात कधी बसली नाही.”

होडीवालीनं दोन डबे पाणी बाहेर टाकलं. मग म्हणाली, “मामंजी, गुरुजी लिहून घ्यायला तयार आहेत. काय लिहून घ्यायचं ते तुम्ही सांगायचं. राणीचं ते सगळं घेतात.”



दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा कार्यालयात गेले. टेबलावर कागद पसरला होता, शाईचं पॅड होतं, पेन होतं. म्हाताऱ्यानं पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

“वर अजून एक ओळ घाला,” तो म्हणाला. “दगड राणीनं स्वतः वाहिले.”

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. राण्या दगड वाहत नाहीत, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. राण्या दगड वाहायला लावतात.

“हिनं वाहिले. डोक्यावर चुंबळ ठेवून. अकरा दिवस, एकशे बारा दगड. सातवा महिना होता, आणि नवरा नको म्हणत होता.”

“आबा, याला पुरावा काय?”

“साडेतीनशे वर्षांना होता तोच.”

कोपऱ्यातला शिपाई खोकला. अध्यक्षीणबाई म्हाताऱ्याकडे बघत होत्या. पहिल्या दिवशी त्यानं बायकोबद्दल सांगितलं होतं तेव्हा त्याच या खुर्चीत होत्या. त्यांना ते आठवलं की नाही, हे होडीवालीला त्यांच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

“लिहा, गुरुजी.”

“पण बाई, राणी आणि सातव्या महिन्यात...”

“सातव्या महिन्यातल्या बायकांचे कपडे तीस वर्षं शिवलेत मी. त्या काय काय उचलतात ते मला माहीत आहे. लिहा तुम्ही. आणि पाटीवरसुद्धा हेच घ्या. वाट बघत बसली ते काढा, जागा पुरायची नाही.”

गुरुजींनी लिहिलं. लिहिता लिहिता त्यांनाच ते आवडायला लागलं असावं, कारण चुंबळ कापडाची होती का गवताची हे त्यांनी विचारून घेतलं. कापडाची, म्हातारा म्हणाला, जुन्या लुगड्याची. राणीचं लुगडं जुनं कसं, हे मात्र गुरुजींनी विचारलं नाही. मग म्हाताऱ्यानं पेन उचललं आणि एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. वाळेपर्यंत कागदावरून हात काढला नाही.

साखळी एका बाजूनं निघाली. त्याच संध्याकाळी होडी ओट्याला लागली आणि दूधवाला रिकाम्या किटल्या वाजवत कोरड्या पायांनी वर चढला. नर्सला परत यायला बारा दिवस लागले. शाळेच्या दोन बाईंपैकी एकच आली. दुसरीला जीप मानवली होती. चाळीस पावलांचा गाळ उन्हानं तडकला आणि त्यात हरवलेल्या फळ्यांची टोकं दिसायला लागली.

नवी पाटी महिन्याभरानं आली. सुट्टीच्या दिवशी मनोरा, चिमणी आणि टेकडी बघून झालेलं एक मोठं कुटुंब तळ्यावर आलं. त्यातल्या चष्मेवाल्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी पाटी वाचली. राणीनं स्वतः दगड वाहिले, एकशे बारा, डोक्यावर चुंबळ ठेवून, सातव्या महिन्यात. एक बाई म्हणाली, काहीतरीच. दुसरी पोटाशी हात नेऊन म्हणाली, काहीतरीच कशाला, मी सातव्या महिन्यात घर सारवलंय. तिच्या नवऱ्यानं पायऱ्यांवरचे दगड मोजायला सुरुवात केली.

शेजारी होडीवालीचा नवरा उलट्या होडीला डांबर फासत होता. म्हाताऱ्यानं हे सगळं सुनेला सांगितलं होतं, मुलाला नाही. बापलेकांत एवढं बोलणं कधी नव्हतंच. त्याचा ब्रश थांबला. त्यानं मनाशी काहीतरी हिशेब केला, पंचेचाळीस वर्षं, सातवा महिना. मग दारात बसलेल्या बापाकडे बघितलं. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली. ब्रशावरून डांबर त्याच्या पायावर गळत होतं, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

होडीवालीनं पाहुण्यांना एकेक करून होडीत घेतलं. जड माणसं मधे, मुलं कडेला नकोत. चष्मेवाली मुलगी सगळ्यांत शेवटी बसली आणि पाटीकडे मागं वळून बघत राहिली.

“बाळाचं काहीच लिहिलं नाही,” ती म्हणाली. “राणीचं बाळ सुखरूप झालं का?”

होडीवालीनं दोर सोडला. काठावर तिचा नवरा उभा होता. पुढचे केस गेलेले, कोपरापर्यंत डांबर, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं.

“झालं,” ती म्हणाली. “बोलायचं जरा कमी, पण झालं सुखरूप.”

आणि तिनं वल्ह्यानं ओट्याच्या दगडाला रेटा देऊन होडी पाण्यात लोटली.